सांभाळणाऱ्याची नजर

पुण्यात मराठी घेऊन बी.ए. करत होतो तेव्हाची, १९९१-९२ सालची गोष्ट. एका वर्गमित्रासाठी मी पुस्तकं कॅसेटवर वाचून देत असे. तो जन्मांध. ब्रेल त्याला माझ्या देवनागरीइतकीच सफाईने वाचता येई, पण आमच्या अभ्यासक्रमातलं एकही पुस्तक त्याला ब्रेलमध्ये मिळालं नव्हतं. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटी, मावशीचा टेपरेकॉर्डर आणि दार लावून घेतलेली तिची मधली खोली, एवढंच आमचं ग्रंथालय. दार लावलं तरी कुकरच्या शिट्ट्या आत येतच. "तुझ्या तिसऱ्या प्रकरणात भात झाला," असं तो म्हणायचा.

एकदा एका जुन्या संग्रहातली कथा वाचत होतो. कथेत देवळाच्या पायरीवर बसलेल्या आंधळ्या भिकाऱ्याचं वर्णन आलं. चांगलं दीड पान होतं. डोळ्यांच्या खोबणी, त्यांवर बसलेल्या माशा, पुढे केलेला थरथरता हात, आणि ते पाहून नायकाला आलेलं वैराग्य. मी ते दीड पान गाळलं आणि पुढे वाचत गेलो. दोन दिवसांनी कॅसेट परत करताना तो म्हणाला, "मध्ये काहीतरी उडवलंस ना?"

मी विचारलं, "कसं कळलं?"

"नायक दहा पैसे टाकतो म्हणालास. कुणापुढे टाकतो ते आलंच नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "परीक्षेत त्याच्यावरच प्रश्न आला तर? आणि माझ्यासारख्याबद्दल काय लिहिलंय ते मलाच कळू नये, असं तुला का रे वाटलं?"

मी काहीतरी सारवासारव केली. खरं उत्तर असं होतं की, त्याला वाईट वाटेल असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याच्या वतीने, त्याला न विचारता. पुढे तीस वर्षं मराठी शिकवताना अपंग व्यक्ती ज्यांत येते अशी पुस्तकं, नाटकं, चित्रपट समोर आले की हा प्रश्न माझ्याबरोबर असे. त्या वाचनातून जे हाती आलं ते या लेखात मांडतो आहे. ते थोडक्यात असं : आपल्याकडचं या विषयावरचं चांगलं साहित्य आणि चांगला चित्रपट बहुतांशी सांभाळणाऱ्याच्या नजरेतून घडला आहे. या नजरेने आपल्याला पुष्कळ दिलं. तिने काही गाळलंही, बहुधा मी ज्या कारणाने गाळलं त्याच कारणाने.

फार मागे जायचं तर एकनाथांच्या भारुडांपर्यंत जाता येईल. आंधळा, बहिरा, मुका, पांगळा ही सगळी सोंगं तिथे आहेत. अर्थात भारुडातला आंधळा विवेकाने आंधळा असतो आणि पांगळा परमार्थाच्या वाटेवर पांगळा. नाथांना रूपक हवं होतं आणि गावच्या वेशीत रोज दिसणारा मागता त्यांनी त्यासाठी उचलला. त्यात नाथांना दोष देण्यासारखं काही नाही. पण चारशे वर्षं आपण हे रूपक इतकं वापरलं की मूळ माणूस त्याखाली दिसेनासा झाला. आजही अग्रलेखात सरकार 'आंधळं' असतं, प्रशासन 'बहिरं' असतं आणि अर्थव्यवस्था 'लंगडत' असते. माझा मित्र याला हसतो. "सरकार आंधळं असतं तर निदान चाचपडून तरी बघितलं असतं," असं त्याचं म्हणणं.

विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले. जेमतेम चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी केवढी ग्रंथसंपदा निर्माण केली! आपण त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो आणि हात जोडून मोकळे होतो. पण कुणीतरी त्यांना ग्रंथ वाचून दाखवत होतं, ते सांगत ते कुणीतरी उतरवून घेत होतं. या वाचकांचा आणि लेखनिकांचा इतिहास आपण जवळजवळ लिहिलेलाच नाही. 'प्रज्ञाचक्षू' म्हटलं की चमत्कार पुरा होतो. मग ज्या व्यवस्थेवर तो उभा होता ती सांगायची गरज उरत नाही.

अशी व्यवस्था उभी राहत होती. मुंबईत माझगावला १८८५च्या सुमारास कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, १९०० साली दादरला अंध मुलींची शाळा सुरू झाली, १९५२ साली मुंबईतच अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. म्हणजे मी जी कथा वाचत होतो ती लिहिली गेली तेव्हा अंध मुलं-मुली या राज्यात कित्येक दशकं शाळेत जात होती, ब्रेल शिकत होती, वेताच्या खुर्च्या विणण्यापासून गायनापर्यंत निरनिराळी कामं करत होती. आमच्या कथेतला आंधळा मात्र देवळाच्या पायरीवरून उठला नव्हता. लेखकाने एकदा दादरला चक्कर मारली असती तर, असं मला अनेकदा वाटलं आहे.

सांभाळणाऱ्याची नजर आपल्या रंगभूमीवर खऱ्या ताकदीने आणली ती जयवंत दळवींच्या 'नातीगोती'ने. काटदरे हे मध्यमवर्गीय जोडपं आणि त्यांचा मतिमंद मुलगा बच्चू. (तेव्हाचा शब्द तसाच ठेवतो. आज आपण 'बौद्धिक अक्षमता' म्हणतो, आणि ते बरं आहे.) दळवींचं मोठेपण असं की त्यांनी आई-बापांना देव केलं नाही. मुलावर जीव असणं आणि या सगळ्यातून सुटका व्हावी असं वाटणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतात, हे मराठी प्रेक्षकाला त्यांनी बसल्या जागी ऐकवलं. अशा घरांतल्या कितीतरी आई-बापांनी तेव्हा पहिल्यांदा आपला थकवा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला असेल.

त्या नाटकात वडील झालेले दिलीप प्रभावळकर संजय सूरकरांच्या 'चौकट राजा'त (१९९१) स्वतः नंदू झाले. एकाच नटाने आधी सांभाळणारा आणि मग सांभाळला जाणारा उभा करावा, हा योग मला नेहमी बोलका वाटतो. 'चौकट राजा'त आणखी एक गोष्ट आहे. नंदूभोवती फक्त आई नाही, चाळ आहे. अशोक सराफांनी केलेला शेजारी आहे. मुलं आहेत, त्यांची टवाळी आहे आणि त्या टवाळीवर ओरडणारी माणसंही आहेत. आज परिषदांतून ज्याला 'समुदाय-आधारित पुनर्वसन' म्हणतात, त्याचं एक कच्चं, भांडकुदळ रूप त्या चाळीत दिसतं. हा आधार कुठल्या योजनेतून आलेला नाही, भिंती पातळ असल्यामुळे आलेला आहे. चाळी पाडून मनोरे उभे राहिले तेव्हा हा आधारही गेला आणि त्याच्या जागी काय यायला हवं याची चर्चा ना साहित्याने केली, ना विकासकाच्या माहितीपत्रकाने. तरीही हे म्हणायला हवं की नंदू हा शेवटी इतरांच्या चांगुलपणाची कसोटी म्हणूनच येतो. त्याच्याशी कोण कसं वागतं यावरून आपण माणसांना गुण देतो. नंदूला स्वतःला काय हवं आहे, हे आपल्याला त्याच्या बालपणीच्या मैत्रिणीकडून आणि आईकडूनच समजतं.

संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) मी सहा-सात वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी मी त्याचं वेगळं मोजमाप करतो. कोकणातला आजोबा नातवाला शहरात आणतो. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. डॉक्टरांचा आग्रह असा की शस्त्रक्रियेआधी मुलाला खरं काय ते सांगितलं पाहिजे. मला ही त्या चित्रपटाची सर्वांत धाडसी जागा वाटते. आजोबा ते सांगू शकत नाही, जसा मी ते दीड पान वाचू शकलो नाही. डॉक्टरचं म्हणणं असं की डोळे मुलाचे आहेत, तेव्हा बातमीही मुलाची आहे. आणि या दोघांच्या मध्ये अमृता सुभाषने केलेली रुग्णालयातली समाजसेविका आहे. मराठी पडद्यावर हा पेशा इतक्या नीटपणे क्वचितच आला असेल. ती रडणाऱ्याला पाणी देते, अर्ज भरून देते, डॉक्टरची भाषा आजोबाच्या भाषेत आणते, मुलाशी खेळते. ती सज्जन आहे म्हणून हे करते असं चित्रपट दाखवत नाही. ते तिचं काम आहे. आधार हे कुणाचं तरी नेमून दिलेलं, पगारी, शिकून करायचं काम असू शकतं, ही कल्पना आपल्या कथावाङ्मयात फार दुर्मीळ आहे.

पण 'श्वास' संपतो कुठे? काळा चष्मा लावलेला मुलगा होडीतून गावी परततो तिथे. दृश्य सुंदर आहे, मलाही गलबलून येतं. माझ्या मित्राला मी तो चित्रपट शेजारी बसून, कानात बोलत 'दाखवला'. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुमचा सिनेमा जिथे संपला तिथे आमचा सुरू होतो." त्या गावात ब्रेल कोण शिकवणार, शाळा किती कोसांवर, पोराला पांढरी काठी कोण आणून देणार, ही त्याची यादी तयार होती. यात चित्रपटाचा दोष नाही. प्रत्येक कलाकृतीला कुठेतरी थांबावं लागतं. पण आपल्या जवळजवळ सगळ्या कलाकृती याच बिंदूला थांबतात, आणि त्याचं कारण मला असं दिसतं की सांभाळणाऱ्याची व्यथा तिथे शिगेला पोचलेली असते.

सांभाळणाऱ्याच्या नजरेचं खरं बळ कथेबाहेर दिसतं. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त (२००४) स्किझोफ्रेनिया झालेला शेष आणि त्याला आपल्या घरी घेऊन येणारी बहीण सीना आहे. या चित्रपटाच्या पाठीशी पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि तिचे संस्थापक, कॅनडातल्या कॅल्गरीत प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी होते. ही संस्था रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही एकत्र बसवते. म्हणजे 'नातीगोती'तली आई आणि 'देवराई'तली बहीण एका खोलीत येऊन आपापसांत बोलतात, औषधांची, झोपेची, नातेवाइकांच्या टोमण्यांची देवाणघेवाण करतात. चित्रपट या बोलण्यातून आला आणि पुन्हा त्या बोलण्याला उपयोगी पडला. 'देवराई'चा काही भाग मला माहितीपटासारखा वाटतो, डॉक्टर समजावून सांगतो ते प्रसंग थोडे जड होतात. पण ज्या घरात भावाच्या भ्रमांना 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारा लावला जात होता, तिथे हे जडपणच उपयोगाचं ठरतं. समीक्षकाने अशा वेळी आपली नाजूक रुची जरा बाजूला ठेवावी.

'आमच्या माघारी हिचं काय?' हा आई-बापांचा प्रश्न या नजरेच्या मुळाशी आहे. हा प्रश्न इतक्या आई-बापांनी इतकी वर्षं विचारला की त्यातून १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांना कायदेशीर पालक नेमून देण्याची सोय त्यात जिल्हा पातळीवर आहे. मराठी नाटकाच्या तिसऱ्या अंकात जो हुंदका असतो, त्याला दिल्लीत कलम मिळालं. हे काम लहान नाही.

मात्र जो सांभाळला जातो त्याचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो ऐकायचा तर नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची'कडे वळावं लागतं. नाव बघा. 'जिद्द' नाही, 'झुंज' नाही, 'आकाशझेप' नाही. एका वस्तूचं नाव. अपंग व्यक्तींवरच्या पुस्तकांची मराठी शीर्षकं मी एकदा हौसेने उतरवून काढली होती. त्यांत पंख, झेप, क्षितिज आणि उजेड यांची इतकी गर्दी होती की या पुस्तकाचं नाव वाचून मला हायसं वाटलं. ऐन सोळाव्या-सतराव्या वर्षी पॅराप्लेजियामुळे कमरेखालचं शरीर निकामी झालेली कोल्हापूरची ही मुलगी. पॅराप्लेजिया म्हणजे केवळ पाय न चालणं नव्हे, मलमूत्रावरचा ताबाही जातो. सहानुभूतीने ओथंबलेल्या कथांत हा तपशील कधी येत नाही. तिथे नायिका खिडकीशी बसून पाऊस बघते. प्रत्यक्षात तिचा निम्मा दिवस संडास-न्हाणीच्या विवंचनेत जातो आणि घराबाहेर पडायचं की नाही हे तिथे ठरतं. पुढे संस्था काढली तेव्हा उतार, रुंद दारं, खुर्ची वळेल एवढं स्वच्छतागृह या गोष्टींवर हुरजूकांचा कटाक्ष राहिला, तो या अनुभवातून.

त्यांना उभं केलं कुणी? डॉक्टरने नाही, साधुपुरुषाने नाही. बाबूकाका दिवाण नावाचे बंगळुरूचे एक गृहस्थ, स्वतः पॅराप्लेजिक, हाताने चालवायची सोय करून घेतलेली मोटार स्वतः चालवत, उद्योग सांभाळत. त्यांची भेट झाली आणि असं जगता येतं हे त्या मुलीने डोळ्यांनी पाहिलं. १९८४ साली कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी राहिली, त्याची मुळं या भेटीत आहेत. मराठी साहित्यात अपंग माणसाला आई भेटते, देव भेटतो, उदार मालक भेटतो, त्यागी प्रेयसीसुद्धा भेटते. त्याला दुसरा अपंग माणूस सहसा भेटत नाही. भेटलाच तर विनोदासाठी, आंधळ्या-बहिऱ्याची गाठ म्हणून. 'चाकाची खुर्ची' वाङ्मयीन दृष्ट्या सगळीकडे सारखी नाही. देणगीदारांचे आभार, कार्यक्रमांचे वृत्तान्त यांनी तिचा काही भाग अहवालासारखा होतो. पण त्या एका भेटीने तिने आपल्या कथेच्या परंपरेत एक नवं पात्र आणलं. सारखंच दुःख असलेला, थोडा पुढे गेलेला, वाट माहीत असलेला सोबती.

इथे शब्दांबद्दल दोन वाक्यं. 'ॲडव्होकसी'ला मराठीत आपण 'कैवार' म्हणतो. कैवार हा दुसऱ्याचा घ्यायचा असतो. स्वतःचा कैवार कुणी घेत नाही, ती भांडखोरी ठरते. म्हणून 'आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही ठरवू नका' ही जगभरच्या अपंग चळवळीची घोषणा मराठी कानाला जराशी उर्मट वाटते. 'दिव्यांग' हा शब्द २०१५च्या अखेरीस आला आणि सरकारी पाट्यांवर स्थिरावला. महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. विभाग हवाच होता. शब्दाला अनेक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली होती आणि मला ती पटते. ज्याला उतार हवा आहे त्याला दिव्यत्व देऊन काय होणार? २०१६च्या हक्कविषयक कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनवरून चार टक्के केलं. या कायद्याच्या नावातच 'हक्क' हा शब्द आहे, तोच मला पुरेसा सुंदर वाटतो.

साहित्य-कलांच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र ८ जुलै २०२४ची. 'आँख मिचोली' या हिंदी चित्रपटातल्या अपंगत्वावरच्या विनोदांविरुद्ध निपुण मल्होत्रा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने कात्री चालवली नाही, पण एक भेद स्पष्ट केला. माणसाला हिणवणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा. शिवाय पडद्यावर अशी पात्रं आणताना त्या समूहातल्या लोकांशी बोला, असंही सांगितलं. आमच्या वाङ्मयीन वर्तुळात या निकालावर म्हणावी तशी चर्चा झाली नाही. 'लेखकाने काय विचारून लिहायचं का?' एवढ्यावर ती माझ्या ऐकण्यात तरी संपली. विचारून लिहू नये, पण चौकशी करून लिहायला काय हरकत आहे? शेतीवर लिहिणारा लेखक पेरणीचा महिना विचारून घेतोच. महेश लिमये यांच्या 'यलो'त (२०१४) डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःची भूमिका स्वतः करते. कथा ओळखीच्या वळणाची आहे, आई आहे, प्रशिक्षक आहे, पदक आहे. तरी गौरी पडद्यावर येते तेव्हा तिच्या बोलण्याची लय तिची असते, कुणी उभी केलेली नसते, आणि तेवढ्याने चित्रपटाचा तोल बदलतो.

आता थोडं आपल्या घरचं. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण या परंपरेचा अभिमान बाळगतो. दृष्टिहीन वाचकाला ती किती खुली आहे? स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं आणि ब्रेलमध्ये नियमित मराठी नियतकालिक चालू शकतं हे दाखवलं. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटचा कायदाही आड येत नाही. अपंग वाचकासाठी सुगम प्रत करायला, नफा कमवायचा नसेल तर, लेखकाची परवानगी लागत नाही. एनव्हीडीएसारखी स्क्रीन वाचून दाखवणारी प्रणाली फुकट मिळते आणि मराठी वाचते. अडतं कुठे? आपले कितीतरी अंक अजून युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवले जातात. कागदावर अक्षर सुबक दिसतं, पण संगणकाला तिथे 'क' दिसत नाही, भलतंच एखादं रोमन चिन्ह दिसतं. माझ्या मित्राने मला एकदा त्याच्या संगणकावर एका कवितेची अशी फाइल ऐकवली. कंस, टक्के, डॉलर, उद्गारचिन्ह, पुन्हा कंस. "नवकविता आहे," तो म्हणाला.

हा दुरुस्त होण्याजोगा दोष आहे, त्याला अनुदान लागत नाही. अंकाची छापील प्रत निघते त्याच दिवशी युनिकोडमधली साधी फाइल मागणाऱ्याला पाठवता येईल. या अंकाच्या संपादकांना मी तशी विनंती केली आहे आणि लेखही युनिकोडमध्येच दिला आहे.

मित्र आता बँकेतून निवृत्त झाला आहे. गेल्या महिन्यात तो जुना कथासंग्रह मला रद्दीच्या दुकानात पुन्हा मिळाला. रात्री त्याला फोन केला आणि गाळलेलं दीड पान वाचून दाखवलं. खोबणी, माशा, थरथरता हात, नायकाचं वैराग्य, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं.

"भाषा बरी आहे रे," तो म्हणाला. "पण त्याची काठी कुठेय? तो देवळापर्यंत आला कसा?"

मी ते दीड पान पुन्हा पाहिलं. काठी नव्हती. हात धरून आणणारंही कुणी नव्हतं.